शाळेचं रेटिंग आणि पटसंख्या : आकडे कसे वाचायचे?

अमेरिकेत घर शोधायला लागलं की आपली मंडळी स्वयंपाकघराच्या आधी स्कूल डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघतात. त्यात गैर काही नाही. पण छोट्या गावातल्या पब्लिक मिडल स्कूलचा आकडा वाचायचा कसा, हे जरा समजून घेऊ. उदाहरण मॅसॅच्युसेट्सचं घेतो.

१९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्यामुळे या राज्यात 'एमकॅस' परीक्षा आली. ती पहिल्यांदा १९९८ मध्ये झाली. तिसरी ते आठवीच्या मुलांना दरवर्षी इंग्रजी आणि गणित, आणि पाचवी-आठवीत शास्त्रही. रेटिंगमध्ये मोठा वाटा या मार्कांचा.

पहिला मुद्दा, लहान संख्येचा. समजा, आठवीत ६० मुलं आहेत आणि ३० जणांनी अपेक्षित पातळी गाठली. म्हणजे ५० टक्के. पुढच्या वर्षीची बॅच अगदी तशीच, फक्त त्यातली तीन हुशार मुलं दुसऱ्या गावी गेली. आता ५७ पैकी २७, म्हणजे ४७ टक्के! शिक्षक तेच, शिकवणं तेच. हीच तीन मुलं ६०० च्या बॅचमधून गेली असती तर आकडा जेमतेम हलला असता. म्हणून छोट्या शाळेचे तीन-चार वर्षांचे निकाल एकत्र बघावेत.

दुसरा मुद्दा, प्रगतीचा. राज्य 'स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल' नावाचा आकडाही देतं. आधीच्या परीक्षांत साधारण सारखे मार्क असलेल्या मुलांशी तुलना करून तो काढतात. ५० च्या आसपास म्हणजे सर्वसाधारण प्रगती. नुसत्या मार्कांत घरची परिस्थिती बरीच दिसते. शाळेचं काम बघायचं तर हा आकडा जास्त उपयोगी.

तिसरा मुद्दा, पटसंख्येचा. राज्याच्या मदतीचा हिशोब १ ऑक्टोबरच्या पटावर होतो. शिवाय 'स्कूल चॉइस' घेऊन मूल शेजारच्या गावच्या शाळेत गेलं, तर सर्वसाधारणपणे ५,००० डॉलरपर्यंत रक्कम त्याच्यामागे जाते. सहावी ते आठवीत पाच-पाच मुलं कमी झाली, तरी वर्ग बंद करता येत नाही. बस तेवढीच धावते, हीटिंग तेवढंच लागतं. मग कात्री लागते ऑर्केस्ट्राला, स्पॅनिशला, लायब्ररीला. ते बघून आणखी घरं बाहेर पडतात. दुष्काळात तेरावा महिना! गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेचं गणितही फार वेगळं नाही. पट घटला की शिक्षकांची पदं कमी होतात.

मात्र पट घटला म्हणजे शाळा वाईट, असं लगेच म्हणू नका. मुलं सोडून गेली, की गावात तरुण कुटुंबंच कमी झाली? दोन्हींवरचे उपाय वेगळे.

आता आपण काय करायचं? देणगी देताना शाळेला विचारा, 'यंदा कशाला कात्री लागतेय?' नवे कॉम्प्युटर एकदा दिले की फोटो छान येतो. पण शाळा सुटल्यावर गणित घेणाऱ्या शिक्षकाचा पगार दरवर्षी लागतो. आणि स्कूल कमिटीच्या सभा सगळ्यांना खुल्या असतात. सिटिझन नसल्यामुळे मत देता येत नसेल, तरी तिथे जाऊन बसता येतं. घर विकून दुसऱ्या गावात जाण्याआधी निदान एक संध्याकाळ तेवढं करू या.