सर्व्हरची मागणी आणि वीजतंत्र्याचं काम

प्रश्न : जगभर डेटा सेंटरच्या सर्व्हरना मागणी वाढतेय, असं रोज वाचतो. माझा मुलगा आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा कोर्स करतोय. त्याला यात काही वाव आहे का, की सगळं काम इंजिनिअरांचंच?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : वाव आहे, आणि तोही घराजवळच. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं, एआयसाठी ताकदवान सर्व्हरची मागणी वाढली आणि सर्व्हरच्या बाजाराचं रूप पालटलं. पूर्वी सर्व्हरच्या बहुतेक रॅकना (कपाटांना) दहा किलोवॅटच्या आत वीज पुरायची. एनव्हिडिया कंपनीच्या जीबी 200 एनव्हीएल 72 या एकाच रॅकमध्ये एआयची आकडेमोड करणाऱ्या 72 चिप (जीपीयू) असतात आणि तो सुमारे 120 किलोवॅट वीज ओढतो. एवढी उष्णता नुसत्या पंख्यांना आवरत नाही; चिपला चिकटवलेल्या धातूच्या पट्टीतून सतत द्रव फिरवावा लागतो.

असे बरेचसे सर्व्हर तैवानी कंपन्या बनवतात, पण ते चालतात वीज आणि केबल असेल तिथे. समुद्राखालच्या इंटरनेट केबल मुंबईला येतात, म्हणून देशातल्या डेटा सेंटरचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईत आहे. तिथे ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, जनरेटर, चिलर सांभाळायला रात्रंदिवस पाळ्या लागतात.

मात्र एक स्पष्ट सांगतो. इमारतीच्या मानाने कायमच्या नोकऱ्या थोड्याच असतात, त्यातल्या बऱ्याच कंत्राटदारामार्फत. म्हणून नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. शिकाऊ उमेदवारी यूपीएस किंवा उच्च दाबाच्या (एचटी) पॅनेलच्या कामावर मिळेल असं बघा, आणि वायरमनचं लायसन्स वेळेत काढून घ्यायला सांगा.