मृत्यूचा करार आणि कृष्णविनोद : अकी कौरिस्माकी यांच्या एका उपेक्षित चित्रपटाच्या निमित्ताने

‘कृष्णविनोद’ ही संज्ञा मराठी समीक्षेत आता रुळली आहे. मात्र ती जितकी रुळली तितकी तपासली गेलेली नाही. एखाद्या कलाकृतीत मृत्यू आहे आणि वाचकाला किंवा प्रेक्षकाला हसू येते, एवढ्या भांडवलावर तिला कृष्णविनोदी ठरविण्याची सवय आपल्या प्रबंधांतूनही दिसते. मृत्यूच्या सान्निध्यात घडणारा विनोद आणि मृत्यूविषयीचा विनोद या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात १९९० सालच्या ‘आय हायर्ड अ कॉन्ट्रॅक्ट किलर’ या चित्रपटाचा विचार करावयाचा आहे. फिनलंडचे दिग्दर्शक अकी कौरिस्माकी यांनी लंडनमध्ये चित्रित केलेला, अवघा ऐंशी मिनिटांच्या आतबाहेर चालणारा हा चित्रपट भाडोत्री मारेकऱ्याचा आहे. तो त्यांच्या अभ्यासकांकडूनही बहुधा ओझरत्या उल्लेखाने वासलात लावला जातो. ‘शॅडोज इन पॅरडाइज’ (१९८६), ‘एरियल’ (१९८८) आणि ‘द मॅच फॅक्टरी गर्ल’ (१९९०) या कामगारजीवनावरील चित्रत्रयीचा गौरव झाला, ‘द मॅन विदाउट अ पास्ट’ला २००२ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले, आणि या दोहोंच्या मध्ये हा परभाषेत, परदेशात बनलेला चित्रपट कोणत्याच मालिकेत न बसल्यामुळे मागे पडला. ज्या वर्षी चित्रत्रयीतील शेवटचा चित्रपट आला त्याच वर्षी हाही आला, हेही त्याच्या उपेक्षेचे एक कारण असावे.

कथानक थोडक्यात असे. आँरी बूलांजे हा फ्रेंच गृहस्थ लंडनमधील सरकारी पाणीपुरवठा खात्यात पंधरा वर्षे कारकुनी करीत आहे. खात्याचे खासगीकरण होते आणि नोकरकपातीत परदेशी माणसे आधी काढली जातात. निरोपादाखल त्याला सोन्याचे घड्याळ मिळते; ते चालत नाही. एकाकी आँरी मरावयाचे ठरवितो. गळफासासाठी निवडलेला छतातला आकडा निखळून पडतो आणि गॅसचा मार्ग पत्करावा तर गॅस कामगारांचा संप सुरू झालेला असतो. अखेरीस वर्तमानपत्रातील बातमीवरून त्याला भाडोत्री मारेकऱ्यांची कल्पना सुचते. बँकेतील शिल्लक काढून तो ‘होनोलुलू बार’ नावाच्या गुंडांच्या अड्ड्यावर जातो आणि स्वतःच्याच वधाची सुपारी देतो. पुढे वाट पाहण्याचा कंटाळा येऊन तो समोरच्या मद्यगृहात जातो, आयुष्यात प्रथमच दारू आणि सिगारेट मागवितो आणि तेथे फुले विकावयास आलेल्या मार्गारेटवर त्याचे मन जडते. आता त्याला जगावयाचे आहे. सुपारी रद्द करण्यासाठी तो होनोलुलू बारकडे जातो, तर ती इमारत पाडून टाकलेली असते. त्या जागी मातीचे आणि विटांचे ढीग आहेत.

ही मूळ कल्पना नवी नाही. ज्यूल व्हर्न यांच्या १८७९ मधील चीनविषयक कादंबरीत किन-फो नावाचा धनिक, आपली संपत्ती बुडाली असे समजून, वांग या तत्त्वज्ञ मित्राकडून स्वतःच्या मृत्यूची व्यवस्था करवितो आणि संपत्ती शाबूत असल्याचे कळल्यावर आपल्याच मारेकऱ्याला शोधीत फिरतो. (भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी वाचकाला बालवयापासून ओळखीचा आहे. मात्र तो आपल्याला प्रामुख्याने चंद्रावर आणि समुद्राच्या तळाशी भेटलेला आहे.) रॉबर्ट सिओडमाक यांनी १९३१ मध्ये याच जातीच्या कल्पनेवर जर्मन चित्रपट केला होता. तेव्हा कथाबीजाच्या नावीन्यावर या चित्रपटाचे मूल्य ठरवू नये. बीज तेच ठेवून कौरिस्माकींनी काय गाळले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

व्हर्नच्या कादंबरीत अखेरीस सगळे संकट म्हणजे वांगने शिष्याला आयुष्याची किंमत कळावी म्हणून रचलेला बनाव ठरते. म्हणजे तेथे मृत्यूचा करार हा वस्तुतः शिक्षणाचा एक प्रकार होता; बोधकथेला शोभेल असा तो शेवट आहे. कौरिस्माकींच्या जगात वांग नाही. आँरीला धडा शिकविण्याची कोणाला फुरसत नाही, आणि त्याच्यावर मारेकरी येतो तो त्याने स्वतः पैसे मोजले म्हणून. दुसरा फरक वर्गाचा आहे. किन-फो सुखाला विटलेला श्रीमंत आहे, तर आँरी कामावरून काढलेला कारकून. श्रीमंताचा जीवनकंटाळा आणि बेकाराची निराधारता यांना एकच ‘वैफल्य’ हे नाव देणे अर्थशून्य ठरेल.

येथे बर्गसाँच्या १९०० मधील हास्यविषयक निबंधाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सजीवावर यांत्रिकतेचे कवच चढले की हास्य निर्माण होते, हे त्यांचे सूत्र आपण दर वर्षी शिकवितो. पूर्वार्धातील आँरी त्या सूत्राचे जणू उदाहरणच आहे. तो मरणाची तजवीजही खात्यातील टिपणीसारखी करतो. मारेकऱ्याला आपण सापडावे म्हणून घराच्या दारावर चिठ्ठी लावून समोरच्या मद्यगृहात जाण्याचा त्याचा नेमस्तपणा हे या चित्रपटातील सर्वांत निर्मळ विनोदस्थळ होय. तेथे आपल्याला हसू येते ते त्याच्या सचोटीचे. ज्या माणसाने पंधरा वर्षे एकही कागद चुकीच्या फायलीत लावला नसेल, तो स्वतःच्या मारेकऱ्याची गैरसोय कशी होऊ देईल?

परंतु मार्गारेटच्या भेटीनंतर बर्गसाँचे सूत्र उलटते. आँरी सजीव होतो आणि यंत्र त्याच्या बाहेर चालूच राहते. त्याने स्वतः दिलेली आज्ञा आता त्याच्याविरुद्ध चालत आहे आणि ती परत घेण्याची खिडकीच बंद झाली आहे. बर्गसाँ असेही सांगतात की हास्यासाठी हृदयाला क्षणभर बधिरता यावी लागते. या चित्रपटाच्या उत्तरार्धात ती बधिरता टिकत नाही आणि तरीही हास्य संपत नाही. माझ्या मते कृष्णविनोदाची खरी कसोटी येथे आहे. सहानुभूती जागी झाल्यावरही जो विनोद टिकतो, तोच या नावाला पात्र होय. सहानुभूती बाजूला सारून मिळविलेले हास्य हे फार तर क्रौर्याचे हास्य म्हणता येईल, आणि अशा हास्याचे चित्रपट अलीकडे विपुल आहेत.

फ्रॉईड यांनी फाशीच्या विनोदाचे दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. सोमवारी वधस्तंभाकडे नेला जाणारा कैदी, आठवड्याची सुरुवात तर छान झाली, अशा अर्थाचे काही बोलतो. तेथे विनोदकर्ता स्वतः कैदीच आहे आणि त्या बोलण्याने तो मृत्यूवर क्षणभर मात करतो. आँरी मात्र एकदाही विनोद करीत नाही. भरताच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथील हास्य पूर्णतः परस्थ आहे, आत्मस्थ नव्हे. पात्रे जवळजवळ हसतच नाहीत. झाँ-पिएर लेओ यांनी त्याला दिलेला अवघडलेला, प्रत्येक इंग्रजी शब्द पायरीसारखा चढणारा उच्चार या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ (१९५९) मधील बंडखोर मुलगा म्हणून जगाला माहीत झालेला हा नट येथे पन्नाशीकडे झुकलेला, परभाषेत एकटा पडलेला दिसतो, आणि ज्यांना तो पूर्वीचा मुलगा आठवतो त्यांच्या मनात एक अनुक्त करुणा आपोआप मिसळते.

नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला वर्ण आणि देवता सांगितली आहे. हास्याचा वर्ण श्वेत आहे, कृष्णवर्ण भयानकाचा. तेव्हा ‘कृष्णविनोद’ हा शब्द आपल्या परंपरेच्या दृष्टीने वदतोव्याघातच ठरतो, आणि तो पाश्चात्त्य संज्ञेचा अनुवाद असल्याने ते साहजिकही आहे (आंद्रे ब्रेताँ यांच्या १९४० च्या संकलनानंतर ती संज्ञा रूढ झाली). परंतु वर्णांपेक्षा देवता येथे अधिक उपयोगी पडते. भरताने यम ही देवता भयानकाला न देता करुणाला दिली आहे. भयानकाची देवता काल आहे. यम आणि काल यांतला हा भेद किती सूक्ष्म आहे हे वर्गात समजावून सांगताना नेहमीच अडचण येते. या चित्रपटातील मारेकऱ्याने ती माझ्यापुरती बरीच दूर केली.

केनेथ कॉली यांनी रंगविलेला हा मारेकरी भयानकाचा आलंबनविभाव नाही. तो खोकतो, दवाखान्यात जातो, आणि कर्करोगामुळे आपले थोडेच दिवस उरले आहेत हे डॉक्टरांकडून ऐकून घेतो. त्यानंतरही तो हाती घेतलेले काम सोडीत नाही. त्याच्या ठायी द्वेष नाही, आनंद नाही, पैशाची हावही दिसत नाही. उरते ती फक्त कामाची शिस्त. म्हणजे आँरी आणि त्याचा मारेकरी हे एकाच जातीचे नोकरदार आहेत. एकाला खात्याने कमी केले, दुसऱ्याला शरीराने नोटीस दिली आहे. मरावयाचा निश्चय केलेल्याला जगावेसे वाटू लागते आणि त्याला मारण्यास निघालेलाच मरणोन्मुख असतो, हा योग कोणत्याही नाटककाराला मोहात पाडील. कौरिस्माकी तो उघड अधोरेखित करीत नाहीत. अखेरीस दोघे समोरासमोर येतात तेव्हा मारेकरी पिस्तूल स्वतःवर चालवितो. या प्रसंगी प्रेक्षागृहात हसू येत नाही. पण तोवर ज्या स्वरात चित्रपट बोलत आला तो स्वरही बदलत नाही. दिग्दर्शकाने पार्श्वसंगीताने रडविण्याचा किंवा छायाचित्रणाने दचकविण्याचा प्रयत्न केलेला नाही. करुण रस येतो तो विनोदाच्याच आवाजात, आणि तो यमाचा आहे, कालाचा नव्हे.

आता होनोलुलू बारच्या ढिगाऱ्याकडे परत जाणे आवश्यक आहे. कथानकाची कळ म्हणून या घटनेचा उल्लेख सर्वत्र होतो. तिचे स्थान मात्र फारसे कोणी पाहत नाही. इंग्लंड आणि वेल्समधील जलप्राधिकरणांचे खासगीकरण १९८९ मध्ये झाले. लंडनच्या पूर्वेकडील गोदी भागाच्या पुनर्विकासासाठी १९८१ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले होते आणि १९८८ मध्ये कॅनरी वॉर्फचे बांधकाम सुरू झाले. चित्रपटात हे काहीही सांगितले जात नाही. प्रेक्षकाला दिसतात त्या ओसाड गल्ल्या, पडकी घरे, आणि पर्यटकांच्या लंडनची एकही खूण नसलेले रस्ते. पण ज्या धोरणाने आँरीची नोकरी गेली त्याच काळाच्या कुदळीने त्याचा करार रद्द करण्याची जागाही नाहीशी केली, हे नाते चित्रपटाच्या दृश्यरचनेत स्पष्ट आहे. गुन्हेगारांचा अड्डासुद्धा या शहरात सुरक्षित नाही! तिमो साल्मिनेन यांनी या पडझडीला गडद निळे आणि लाल रंग देऊन जुन्या रंगीत चित्रपटांची झाक आणली आहे. चित्रपट मायकेल पॉवेल या त्याच वर्षी दिवंगत झालेल्या इंग्रज दिग्दर्शकाच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या रंगांचा हेतू उलगडतो. मात्र दागिन्यांच्या दुकानातील दरोड्याचे, आँरीवर नाहक आळ येण्याचे उपकथानक मला सैल वाटते. ते काढले असते तरी मुख्य सूत्राला बाध आला नसता.

मराठीच्या अभ्यासकाला येथे सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ (१९७४) आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही मृत्यू ही नगरव्यवस्थेत अडकलेली बाब आहे. भाऊरावांना जुन्याच स्मशानात दहन हवे आहे आणि नगरपालिकेने ते स्मशान बंद केले आहे. एकाला मरता येत नाही कारण गॅसवाल्यांचा संप आहे. दुसऱ्याला मेल्यावरही जाता येत नाही कारण स्मशान हलविले आहे. पण साम्य येथेच संपते. आळेकरांचा मृत नायक बोलका आहे, कीर्तन करतो. कीर्तनाची परंपरा, तिच्यातील पूर्वरंग-उत्तररंगाची ओळख आणि चाळीतला समूह त्याच्या पाठीशी आहे. आँरीपाशी असा कोणताही समूह नाही आणि भाषाही उसनी आहे. ‘महानिर्वाण’चा विनोद विधींच्या अतिरेकातून उगवतो, तर कौरिस्माकींचा विधींच्या अभावातून. म्हणूनच आँरीला मृत्यूचा विधी बाजारातून विकत घ्यावा लागला. या दोन संहिता एकाच ‘कृष्णविनोद’ या शीर्षकाखाली ठेवताना हा फरक विद्यार्थ्यांकडून आधी लिहून घ्यावा. प्रकारनाम मागाहून द्यावे.

आणखी एका बाबीचा निर्देश करावयास हवा. सुपारी देताना आँरी कारण सांगण्याचे टाळतो, आणि होनोलुलू बारमधील दोन भुरटे गुन्हेगार मात्र त्याला जगणे किती सुंदर आहे हे मनापासून पटवू पाहतात. चित्रपटात जीवनाची बाजू मांडण्याचे काम दिग्दर्शकाने या दोघांकडे सोपविले आहे. खात्यातील अधिकाऱ्यांपैकी कोणाकडेही नाही.