कुंडलिकेच्या मुखावरचे बंदर

मुलांनो, रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा आहे आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. समुद्र येथून बराच दूर आहे. तरीही भरतीचे पाणी खाडीतून येथपर्यंत चढते. पूर्वी त्या पाण्याबरोबर मालाने भरलेले मचवे येत.

हीच नदी पुढे रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. तेथे चौल नावाचे प्राचीन बंदर होते. समोर समुद्र, मागे खाडी आणि त्यामागे सह्याद्रीचे घाट. घाट चढले की जुन्नरकडे जाता येई. म्हणून देशावरचा माल चौलला उतरे आणि परदेशचे घोडे वर जात.

बगदादचा प्रवासी अल् मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आला. त्याने या गावाला 'सैमूर' म्हटले आहे. त्या वेळी येथे शिलाहारांचे राज्य होते. सुमारे दहा हजार मुसलमान येथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले लोक होते. कित्येकांचा जन्म तर याच मातीत झाला होता! पाहुणे म्हणून आलेले लोक येथलेच झाले.

पण बंदराला खोल पाणी हवे, तशी शांतताही हवी. १५०८ साली चौलजवळ पोर्तुगिजांची इजिप्तच्या आरमाराशी लढाई झाली. १५२१ साली निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधायला घेतला. १७४० साली तो मराठ्यांकडे आला. पुढे खाडीत गाळ साचला, मुंबईचे खोल बंदर वाढले आणि चौलचा व्यापार ओसरला. आज रेवदंड्याला नारळी-पोफळीच्या वाड्यांत किल्ल्याचा तट उभा दिसतो.

मग चौलचे काय उरले? 'बंदर', 'दर्या', 'खलाशी' हे शब्द उच्चारून पाहा. तुम्ही ते घरी उर्दूत बोलता आणि या पुस्तकात मराठीत वाचता. माणसांप्रमाणे शब्दही प्रवास करतात आणि जेथे उतरतात तेथलेच होतात. मराठी शिकताना हे लक्षात ठेवा. ती तुम्हांला परकी वाटणार नाही.

स्वाध्याय

१. चौल बंदर कोणत्या नदीच्या मुखाजवळ होते?
२. चौलचा व्यापार का ओसरला?
३. उर्दूत आणि मराठीत सारखे असलेले पाच शब्द शोधा व वाक्यांत वापरा.