परसातील गांधीलमाशी : परिचय आणि दक्षता

फाल्गुन सरून चैत्र लागला की वसतिगृहाच्या परसदारी एक तक्रार हमखास ऐकू येते. न्हाणीघराच्या वळचणीखाली गांधीलमाश्यांनी घर धरलेले असते आणि लहान मुले तिकडे जायला धजावत नाहीत. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो, बांबूला चिंधी गुंडाळा, रॉकेलमध्ये भिजवा आणि पेटवून द्या. कोणी म्हणतो, आपण पंचशील मानणारे. मुक्या जीवाला कशाला मारायचे, राहू द्या. आम्हांला हे दोन्ही सल्ले अपुरे वाटतात. माशी कोणती, घरटे केवढे आणि ते कोणाच्या वाटेवर आहे, याची चौकशी दोहोंतही झालेली नसते.

आपण सरसकट गांधीलमाशी म्हणतो ते कीटक एका जातीचे नाहीत. वळचणीला, खिडकीच्या चौकटीला वा जुन्या फळीला देठाने लोंबणारे, उघड्या कप्प्यांचे, करड्या कागदासारखे घरटे ज्या तांबूस-तपकिरी, सडपातळ माश्या बांधतात, त्या बहुधा रोपॅलिडिया या प्रजातीच्या असतात. जुने लाकूड, बांबू खरवडून ते लाळेत कालवून त्या हा कागद तयार करतात. दुसरी माशी आकाराने बरीच मोठी, काळसर आणि पोटावर एकच रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असलेली. तिचे घरटे झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत किंवा छपराच्या आत असते व त्याला बाहेरून कागदी आवरण असते. पहिल्या जातीच्या घरट्यांवर धाड घालून त्यांतील अळ्या पळविणारी हीच. माणसालाही खरा धोका हिच्यापासून अधिक.

तिसरी कुंभारीण. ही एकटी राहते, मातीची इवली गाडगी भिंतीवर लिंपते आणि स्वतःला चिमटीत धरल्याखेरीज सहसा डंख करीत नाही. तिला हाकलण्याचे काहीच कारण नाही. ती अळीला घरात कोंडून सतत गुणगुणते आणि त्या ध्यासाने अळीचीच माशी होते, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी. ‘भ्रमरकीटक न्याय’ तिच्यावरच उभा आहे. प्रत्यक्षात ती अळीला डंख मारून लुळी करते, गाडग्यात आपले अंडे घालते, आणि त्यातून निघणारे पिल्लू त्या अळीवर पोसले जाते. दृष्टान्त सुंदर आहे. परंतु मुलांना शिकविताना गाडगे फोडून आतील खरी गोष्ट दाखवावी, असे आमचे मत आहे.

उन्हाळ्यातच या माश्या नळाशी, रांजणाशी, कपडे धुण्याच्या दगडाशी का घोटाळतात? त्यांना पाणी हवे असते. घरटे तापले की त्या थेंबथेंब पाणी आणून कप्प्यांवर सोडतात आणि पंखांनी वारा घालतात. गळणारा नळ दुरुस्त केला, रांजणावर झाकण ठेवले, आंब्याच्या साली-कोयी उघड्यावर टाकल्या नाहीत आणि परसाच्या दूरच्या कोपऱ्यात एका पसरट परळात पाणी ठेवले, तर निम्मी भेट टळते.

त्यांचे उपकारही ध्यानी घ्यावेत. आपल्या अळ्यांना भरविण्यासाठी त्या भाजीपाल्यावरील सुरवंट टिपतात. बोधिवृक्ष म्हणून आपण ज्या पिंपळाला वंदन करतो, त्याच्या फळात बी धरते तेदेखील गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील, तिळाहून लहान अशा एका कीटकामुळे.

बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीचा कित्येक दशके अभ्यास केला. या जातीत राणी आणि कामकरी माशी दिसायला सारख्याच. राणीला बाजूला केले की थोड्याच वेळात एक कामकरी माशी आक्रमक होते, मग हळूहळू निवळते आणि सुमारे आठवड्याभरात अंडी घालू लागते. व्यवहारात याचा अर्थ असा की भरदुपारी घरटे पाडल्याने कुटुंब संपत नाही. बाहेर गेलेल्या माश्या परततात आणि जवळपासच पुन्हा बांधकाम आरंभतात.

आता शीलाचा प्रश्न. परसाच्या टोकाला, उंच फांदीवर असलेले घरटे जाळणे ही निष्कारण हिंसा होय. पण सत्तर-ऐंशी मुले रोज ज्या दारातून जातात त्या दारावरचे घरटे करुणेच्या नावाने राहू देणे, याला आम्ही दुर्लक्ष म्हणू. मार्ग वेळ साधण्याचा आहे. घरटे बोटभर असून त्यावर दोन-तीनच माश्या असतात, तेव्हाच पहाटेच्या गारव्यात लांब काठीने ते पाडावे आणि देठाची जागा खरवडून चुन्याने सारवावी. हे काम मोठ्यांनी, अंगभर कपडे घालून व तोंड-डोके झाकून करावे. घरटे वाढलेले असेल, किंवा माशी मोठ्या जातीची असेल, तर स्वतः हात न घालता जाणकारास बोलवावे. तोवर ती वाट दोरी बांधून बंद करावी. दगड मारणे वर्ज्य. आणि जाळ तर नकोच : वाळलेल्या गवताच्या, पाचोळ्याच्या दिवसांत माशीपेक्षा ती चिंधी अधिक घात करते.

डंख झाल्यास मुलाला आधी तेथून दूर न्यावे. मधमाशीप्रमाणे हिची नांगी अंगात तुटून राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. जागा साबणाने धुवावी, गार पाण्याची पट्टी ठेवावी, हातातील कडे-अंगठी लगेच काढावी. चुना किंवा रॉकेल लावू नये, त्याने कातडी पोळते. नुसत्या सुजेने घाबरू नये. मात्र डंखापासून दूर अंगावर गांधी उठल्या, ओठ वा जीभ सुजली, श्वास लागला, उलटी झाली, भोवळ आली, तर घरगुती उपायांत एक क्षणही न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शनच प्राण वाचविते. तोंडात किंवा घशात डंख झाला, अथवा एकाच वेळी अनेक डंख झाले, तरीही रुग्णालय गाठावे. ज्या मुलाला पूर्वी असा त्रास झाला असेल, त्याच्या पालकांनी प्रवेशाच्या वेळीच अधीक्षकांना तसे लेखी कळवावे.

मे महिन्यात वसतिगृह रिकामे असते आणि शांत, बंद खोल्या गांधीलमाशीला फार मानवतात. म्हणून जूनमध्ये मुले येण्यापूर्वीच्या आठवड्यात जे माजी विद्यार्थी श्रमदानाला येतात, त्यांनी रंगरंगोटीआधी एक फेरी मारावी : संडासांचे झरोके, विजेच्या पेट्या, गुंडाळून ठेवलेल्या मच्छरदाण्या, खाटांच्या खालच्या बाजू, पाण्याच्या टाकीचे झाकण, आणि दाराच्या चौकटीचा आपल्याला खालून न दिसणारा वरचा कोपरा.