जमीन विकली त्या वर्षी मुलगी बारावीला होती

शिष्यवृत्तीच्या अर्जात घराची सगळी परिस्थिती एका आकड्यात सांगावी लागते: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न. ज्यांच्याकडे महिन्याला ठरलेला पगार येतो, त्यांना तो लिहायला वेळ लागत नाही. पण त्या वर्षात घरात काही वेगळं घडलं असेल, जमीन विकली गेली, नोकरी सुटली, कर्ता माणूस निघून गेला, तर कागदावरचा आकडा आणि घरातली चूल यांचा मेळ बसत नाही. आमचा बसला नाही. त्यापायी मुलीचा इंजिनीअरिंगचा प्रवेश जवळजवळ हातचा जात होता, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही चेण्याचे, आगरी. ठाण्याहून गायमुखचा घाट ओलांडला की उजव्या हाताला खाडी आणि डाव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, त्यांच्यामधलं आमचं गाव. सासरे गेल्यावर भाताच्या शेताच्या सातबाऱ्यावर पाच नावं लागली: सासूबाई, माझे यजमान, दोन दीर आणि नणंद. ते शेत 2023 साली सगळ्यांच्या संमतीने विकलं. खरेदीखतावर पाचही सह्या झाल्या. पैसे मात्र एकाच धनादेशाने, यजमानांच्या खात्यात आले. घरात तेच व्यवहार बघायचे आणि भावंडांचा त्यांच्यावर विश्वास होता. महिन्याभरात प्रत्येकाला आपापला वाटा पोचला. घरापुरता विषय संपला होता.

आयकर खात्यापुरता तो सुरूही झाला नव्हता. शहरी हद्दीतल्या जमिनीचा व्यवहार 50 लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर विकत घेणारा 1 टक्का टीडीएस कापतो. तो कापला गेला फक्त यजमानांच्या पॅनवर, आणि त्यांच्या नावापुढे संपूर्ण रक्कम दिसू लागली. विवरणपत्र भरून देणाऱ्याने पोर्टलवर दिसतं तेच उचललं. टेम्पो चालवणाऱ्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न एकाएकी कितीतरी लाखांवर गेलं. चेण्यात भात पिकत असला तरी गाव मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत आहे. खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. महापालिकेच्या हद्दीतल्या शेताला ती सवलत नाही. हे आम्हाला व्यवहाराआधी कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली. कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, तिला संगणक अभियांत्रिकीची जागा मिळण्याची आशा होती. त्यातच 8 जुलै 2024 ला शासन निर्णय आला: व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात 50 ऐवजी 100 टक्के सवलत. अट एकच मोठी, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत. आम्ही उत्पन्नाच्या दाखल्याला अर्ज केला. विवरणपत्र जोडलेलं असल्याने दाखला त्याच आकड्याचा निघाला. खिडकीवर उत्तर मिळालं, "कागदावर आहे तेच आम्ही लिहिणार."

तो माणूस चुकीचं बोलत नव्हता. बदलायचा तर कागदच बदलायला हवा होता.

त्या दिवसांत एकाने सुचवलं, विवरणपत्र बाजूला ठेवा, कमी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र करा, दाखला काढून देतो. हा सल्ला जे देतात त्यांच्यापासून लांब राहा. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, आणि तो गळ्यात पडतो अर्ज करणाऱ्याच्या, सल्ला देणाऱ्याच्या नाही. शिवाय पॅन आणि आधार जोडलेले असताना एका कार्यालयात एक आकडा आणि दुसऱ्यात दुसरा असं फार दिवस चालत नाही. शिष्यवृत्ती वसूल होते आणि पोरीचं नाव खराब होतं.

आम्ही नणंदेच्या ओळखीतल्या एका सीएंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सातबारा आणि खरेदीखत आणलंय का?" तिथून गाठ सुटली. त्यांनी दोन गोष्टी समजावल्या. एक, पैसा कुणाच्या खात्यात उतरला यावरून तो त्याचा ठरत नाही. मालकी ज्याची, उत्पन्न त्याचं. सातबारा, वारसाचा फेरफार, खरेदीखतावरच्या पाच सह्या आणि वाटे पोचल्याच्या बँकेतल्या नोंदी एकत्र ठेवल्या की यजमानांचा हिस्सा एक पंचमांश एवढाच उरतो. दुसरी, विक्रीची रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे. वडिलोपार्जित जमिनीची 1 एप्रिल 2001 ची किंमत धरून, त्या वर्षीच्या नियमाने ती महागाई निर्देशांकाने वाढवून, विक्रीतून वजा करायची. उरेल तो नफा. हे दोन्ही केल्यावर टेम्पोची कमाई मिळवूनही आमचा आकडा 8 लाखांच्या आत आला. 2023-24 चं विवरणपत्र दुरुस्त करायची मूळ मुदत 31 डिसेंबर 2024 होती. आम्ही त्याआधीच सुधारित विवरणपत्र भरलं, दिरांनी आणि नणंदेने आपापली भरली, आणि नव्या दाखल्याच्या अर्जाला एका पानाचं निवेदन जोडलं.

त्या पानाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या मते काम त्याने केलं. त्यात रडगाणं नव्हतं. जमीन कुणाची, विकली कधी, रक्कम किती, कुणाला किती गेली आणि प्रत्येक वाक्याचा पुरावा कोणत्या जोडपत्रात आहे, एवढंच होतं. तलाठी असो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) की नायब तहसीलदार, त्यांच्यासमोर रोज ढीगभर अर्ज असतात. तुमची अडचण त्यांनी स्वतःहून शोधून काढावी अशी अपेक्षा ठेवू नका. ती त्यांच्या हातात लिहून द्या, पोच घ्या. नाकारलं तर कारण लेखी मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार ते देणं बंधनकारक आहे, आणि त्या कारणावर अपील करता येतं. तोंडी "होणार नाही" यावर अपील होत नाही.

इतर मागास वर्गातल्या घरांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. नॉन-क्रीमीलेअरची उत्पन्नाची कसोटी सलग तीन वर्षांची असते, आणि त्यात पगार व शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. एका वर्षी जमीन विकली म्हणून कुणी क्रीमीलेअरमध्ये जात नाही. आमच्याच पाड्यावरच्या एका घराने या भीतीने अर्जच केला नव्हता.

जमीन सक्तीने संपादित झाली असेल तर गोष्ट वेगळी. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 96 नुसार त्या कायद्याखालच्या मोबदल्यावर आयकर नाही, आणि 25 ऑक्टोबर 2016 च्या परिपत्रकात आयकर विभागाने तसं स्पष्ट केलं आहे. निवाड्याची प्रत आणि ते परिपत्रक दाखल्याच्या अर्जाला जोडा.

पैशापेक्षा माणसांमुळे अडलेली घरं मला जास्त काळजीत टाकतात. वडील घर सोडून गेलेत, घटस्फोट झालेला नाही, आणि अर्ज वडिलांचं उत्पन्न मागतो. अशा आईने वेगळी शिधापत्रिका, पोलिसांतली तक्रार किंवा न्यायालयातला पोटगीचा अर्ज, आणि तलाठ्यासमोरचे शेजाऱ्यांचे जबाब यांतलं जे असेल ते बारावीच्या निकालाआधीच गोळा करावं. आई-वडील दोघंही नसतील आणि मूल मामाकडे वाढत असेल, तर महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र काढा. 2024 च्या शुल्क सवलतीत अनाथ मुलगे आणि मुली दोघंही आहेत. तंत्रशिक्षण घेणाऱ्या अनाथांसाठी एआयसीटीईची वर्षाला 50,000 रुपयांची स्वनाथ शिष्यवृत्तीही आहे.

नोकरी नुकतीच गेली असेल तर मात्र वाट अवघड आहे. दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. त्यात गेलेला पगार दिसतो, आजची रिकामी पेटी दिसत नाही. तिथे कॉलेजकडे हप्ते लेखी मागावेत. कॉलेज निवडक दर्जेदार संस्थांच्या यादीत असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेतून तारणाविना कर्ज मिळतं, आणि 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत आहे. पुढच्या वर्षीचा दाखला घटलेल्या उत्पन्नाचा असेल. तो वेळेत काढा.

मुलगी आता शिकते आहे. आमच्या पट्ट्यात जमिनींचे व्यवहार अजून होत राहतील. माझी विनंती एवढीच: खरेदीखतावर सही करण्याआधी प्रत्येक हिस्सेदाराच्या नावाने वेगळा धनादेश आणि त्याच्याच पॅनवर टीडीएस लिहून घ्या, आणि घरात दहावी-बारावीला कुणी असेल तर ते सीएंना त्याच दिवशी सांगा.