बाकी शून्य

सकाळी साडेनऊला पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्यांचा फोन आला. "अहो सर, रात्रीतून सगळ्यांनी कर्जं फेडली की काय? तुमच्या यादीत एकूण एक सभासदाची बाकी शून्य आहे!" मी हसलो. यादी उघडली आणि हसू मावळलं. नावं बरोबर, शाखा बरोबर, बाकी मात्र सरसकट 0.00. लॉगमध्ये एररची एक ओळ नाही.

आदल्याच आठवड्यात मी त्या यादीच्या कोडमधून एन्टिटी फ्रेमवर्क काढून डॅपर बसवलं होतं. डॅपर स्टॅक ओव्हरफ्लोच्या टीमने स्वतःच्या साइटच्या वेगासाठी लिहिलं आणि 2011 साली खुलं केलं. जीव छोटा, काम एकच: एसक्यूएल तुम्ही लिहायचं, आलेल्या ओळींतून सी-शार्पचे ऑब्जेक्ट ते भरून देतं. ते भरताना कॉलमचं नाव आणि प्रॉपर्टीचं नाव जुळवून बघतं. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालतो, अंडरस्कोरचा नाही. आमच्या जुन्या टेबलात कॉलम होता 'ड्यू_अमाउंट', क्लासमध्ये प्रॉपर्टी 'ड्यूअमाउंट'. जोडी जमली नाही, कॉलम गुपचूप सोडून दिला गेला, आणि डेसिमल जन्मतःच शून्य असतो तसा शून्यच राहिला.

यात डॅपरचा दोष काढता येत नाही. जास्तीचे कॉलम सोडून देणं ही त्याची सोयच आहे. चूक माझ्या समजुतीत होती. एन्टिटी फ्रेमवर्क क्वेरी स्वतः रचतं, त्यामुळे नाव चुकलं की डेटाबेसच 'असा कॉलम नाही' म्हणून ओरडतो. त्या ओरडण्याची मला इतकी सवय झाली होती की, ते कुठून येतं याचा विचारच केला नव्हता. क्लासवर प्रकार लिहिला म्हणजे कोणीतरी तो टेबलाशी ताडून बघतंय, असं मी धरून चाललो होतो. कंपायलरला तुमचं टेबल दिसत नाही.

डॅपरमध्ये 'मॅचनेम्सविथअंडरस्कोर्स' नावाचं सेटिंग आहे. ते चालू केलं की माझ्यासारखा घोळ मिटतो, पण ते पहिल्या क्वेरीच्या आधी, प्रोग्राम सुरू होतानाच लावा, कारण जुळवणी एकदा झाली की डॅपर ती कॅशमध्ये ठेवतं. मी स्वतः आता क्वेरीतच 'अ‍ॅज' लावून नाव देतो. चार अक्षरं जास्त टंकावी लागतात, पण वाचणाऱ्याला सगळं समोर दिसतं.

त्याहून मोठा फायदा झाला तो साधे क्लास सोडून कन्स्ट्रक्टरवाले रेकॉर्ड वापरल्याने. रिकामा कन्स्ट्रक्टर नसला की डॅपर फार काटेकोर होतं. कॉलमची संख्या, क्रम, नावं, सगळं जुळावं लागतं. इंटच्या जागी लाँग आला तरी अडून बसतं आणि स्वच्छ एक्सेप्शन फेकतं. टीममधली मुलं सुरुवातीला वैतागतात. वैतागू द्यावं.

नल मात्र इथेही फसवतो. टेबलात बाकी नल असेल आणि तुमचा प्रकार साधा डेसिमल असेल, तर हाती पुन्हा शून्यच येतं. 'माहीत नाही' आणि 'काही देणं नाही' यांत काय अंतर आहे, ते वसुलीवाल्यांना विचारा. कॉलमला नल चालत असेल तर प्रॉपर्टीही नलेबल ठेवा.

टेस्टसुद्धा खऱ्या डेटाबेसवरच घ्या. प्रत्येक कॉलममध्ये शून्य नसलेली, एकमेकांपेक्षा वेगळी किंमत घालून एक ओळ टाका आणि ती वाचल्यावर कुठलीही प्रॉपर्टी कोरी नाही ना, हे तपासा. मी नकली डेटावर टेस्ट लिहिल्या होत्या आणि त्या सगळ्या हिरव्या होत्या.

एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. डॅपर स्ट्रिंग पाठवताना ती एनव्हारकॅर म्हणून पाठवतं. आमचा खाते क्रमांक व्हारकॅर होता, कोलेशनही जुनं. सर्व्हर प्रत्येक ओळीतला क्रमांक बदलून बघत बसला आणि इंडेक्स असूनही अख्खं टेबल चाळू लागला. 'डीबीस्ट्रिंग' वापरून 'इजअ‍ॅन्सी' खरं केलं, लांबी दिली, तेव्हा तो ताळ्यावर आला. हे कळायला मला तीन दिवस लागले, आणि त्यातले दोन मी नेटवर्कवाल्यांशी भांडण्यात घालवले.