कातडीखालील शिरेंतील रक्ताची गुठळी

पायाची एखादी शीर लाल होऊन दोरीसारखी ताठ लागते व हात लावला असतां दुखते, तेव्हां पुष्कळ घरीं ‘वात आला’ असें म्हणून ती तेल लावून जोरानें चोळण्यांत येते. असें चोळणें योग्य नाहीं, व हें दुखणें नेहमींच क्षुल्लक असतें असेंही नाहीं. म्हणून त्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दुखण्याचें स्वरूप.—पायांतील अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या शिरा दोन प्रकारच्या आहेत. कांहीं कातडीलगत, व कांहीं खोल स्नायूंमध्यें. कातडीलगतची सर्वांत लांब शीर घोट्याच्या आंतल्या बाजूनें चढत जांघेपर्यंत येते, आणि ओढा नदीस मिळावा तशी तेथें खोल शिरेस मिळते. कातडीलगतच्या शिरेंत रक्त गोठून दाह झाला म्हणजे हें दुखणें उत्पन्न होतें. ज्यांच्या पायांवर फुगलेल्या, गांठाळ शिरा आहेत त्यांस तें विशेष होतें. गरोदरपण, बाळंतपण, फार दिवस अंथरुणास खिळून राहणें व कर्करोग हींही त्याचीं कारणें होत. असा दाह जागा बदलीत पुनः पुनः होऊं लागला, तर शरीरांत कर्करोग लपलेला असूं शकतो, हें फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनीं १८६५ सालीं दाखविलें. पुढें तीच खूण त्यांस स्वतःच्या शरीरावर दिसली, व १८६७ सालीं ते पोटाच्या कर्करोगानें वारले.

धोका.—बहुतेक गुठळ्या हळूहळू विरतात. परंतु गुठळी वाढत जाऊन खोल शिरेंत शिरली, तर तिचा तुकडा सुटून फुप्फुसांत अडकतो व प्राणावर बेततें. फ्रान्समध्यें तज्ज्ञांकडे पाठविलेल्या ८४४ रोग्यांची पाहणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली; त्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शास पहिल्या तपासणीच्या वेळींच खोल शिरेंत किंवा फुप्फुसांत गुठळी आढळली. म्हणून नुसत्या डोळ्यांनीं पाहून निर्णय करूं नये. शिरांची सोनोग्राफी करून घ्यावी.

उपचार.—गुठळी किती लांब व जांघेपासून किती दूर, यावर उपचार ठरतो.

१. ती ५ सेंटिमीटरांहून आंखूड व जांघेपासून दूर असेल, तर बहुधा दाह शमविणारें औषध, शेक व दाबाचे मोजे पुरतात. अंथरुणावर पडून न राहतां चालत फिरत असावें.

२. ती ५ सेंटिमीटर किंवा अधिक लांब असेल, तर रक्त गोठूं न देणारें औषध लागतें. फोंडापरिनक्स या औषधाची २.५ मिलिग्रॅमची सुई रोज एक, याप्रमाणें ४५ दिवस सुमारें ३००० रोग्यांपैकीं निम्म्यांस देऊन पाहण्यांत आली. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत, औषधाविना शंभरांपैकीं सुमारें ६ जणांची गुठळी वाढली, परत आली किंवा खोल गेली. औषध घेणारांत हें प्रमाण १ हूनही कमी राहिलें.

३. ती जांघेंतील संगमापासून ३ सेंटिमीटरांच्या आंत असेल, तर खोल शिरेंतील गुठळीप्रमाणेंच पूर्ण मात्रेनें सुमारें तीन महिने औषध देतात.

हा बहुधा जंतूंचा रोग नसल्यामुळें जंतुनाशक गोळ्यांचा येथें सहसा उपयोग नाहीं.

औषधाची जोखीम.—रक्त गोठूं न देणारें औषध रक्तस्राव वाढवूं शकतें. पोटांत व्रण असणारानें, मूत्रपिंडाचा विकार असणारानें व गरोदर स्त्रीनें तसें आधींच डॉक्टरांस सांगावें. दुखणें थांबविण्याच्या गोळ्या त्यासोबत स्वतःच्या मनानें घेऊं नयेत. ज्यांच्या पायांस शुद्ध रक्ताचा पुरवठा कमी आहे, त्यांनीं घट्ट मोजे विचारल्यावांचून घालूं नयेत.

सर्व पाय एकाएकीं सुजला, धाप लागली, छातींत कळ आली किंवा थुंकींतून रक्त पडलें, तर सकाळची वाट पाहूं नये. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. बाळंतिणीच्या घरच्या माणसांनीं तर ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. कारण तिच्या पायाचें दुखणें ‘बाळंतपणाचेंच’ म्हणून सोडून दिलें जातें, आणि उपचाराची वेळ निघून जाते.